गाडी उभ्या उभ्या थरथरते तेव्हा

ताईंनो, आपल्या बऱ्याच गटांकडे आता गाडी आहे. कुणाची भाजीची पिकअप, कुणाचा दुधाचा छोटा हत्ती, कुठे ग्रामसंघानं मिळून घेतलेला सेकंड हँड टेम्पो. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आली, तेव्हापासून देशात कित्येक ठिकाणी गटातल्या बायका प्रवासी गाड्याही चालवायला लागल्या. गाडी घेताना हप्ता, विमा, परमिट यावर आपण दोन-दोन बैठका बोलतो. ती बिघडली की मात्र सगळ्या गप्प. "मिस्त्री म्हणाला पंप काढावा लागेल," एवढ्या एका वाक्यावर ठराव होतो, आणि गटाच्या खात्यातून मोठी रक्कम जाते. गाडी गॅरेजला उभी असली तरी बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही.

म्हणून या पाठात जुन्या गाडीची एकच तक्रार घेऊ. गाडी रस्त्यावर पळते तेव्हा बरी असते, पण न्यूट्रलला उभी केली की इंजिन थरथरतं, आवाज वर-खाली होतो, केबिनमधल्या काचा वाजतात, कधी कधी बंदही पडते. ड्रायव्हर म्हणतो, "गाडी मिसिंग मारतेय." हा पाठ वाचून आपण मिस्त्री होणार नाही, व्हायचंही नाही. पण कुठून तपासायला सुरुवात करायची आणि गॅरेजला काय विचारायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

आधी सुरक्षिततेचं. इंजिन चालू असताना बोनेट उघडून वाकायचं नाही. वाकावंच लागलं तर पदर खोचून, ओढणी काढून ठेवून, वेणी बांधून. पंखा आणि पट्टा कापड ओढून घ्यायला एक क्षण लावतो. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेली, चाकाला दगड लावलेला. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून तपासणी करायची नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि माणूस जागच्या जागी कोसळतो. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

थरथर का होते

चार सिलिंडरच्या इंजिनात चार जणी आळीपाळीनं काम करत असतात असं समजा. उखळात दोघी मुसळ मारतात तेव्हा कसा ठेका असतो, एक वर एक खाली. तसाच इथे ठेका असतो. इंजिनाचे दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक सिलिंडरात एकदाच इंधन पेटतं. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेतं (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो). ८०० धरले तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटतो. त्यातल्या एकीनं मुसळ उचललंच नाही, तर ठेका चुकतो आणि सगळं इंजिन हलतं. गाडी वेगात असताना फेरे इतके जास्त असतात की हा चुकलेला ठोका जाणवत नाही. म्हणून ड्रायव्हर म्हणतो "पळताना बरी आहे," आणि ते खोटं नसतं. पण तो सिलिंडर पळतानाही आजारीच असतो, डिझेलही जास्त खातो. ॲव्हरेज पडलं म्हणून ड्रायव्हरवर संशय घेण्याआधी हे एकदा आठवा. एका चांगल्या ड्रायव्हरनं "बायका मला चोर समजतात" म्हणून काम सोडल्याचं आम्ही जवळून पाहिलंय.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. २००५ साली टाटाचा एस आला, ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो, त्याचं इंजिन दोनच सिलिंडरचं, ७०२ सीसीचं. ते स्वभावानंच थोडं थरथरतं. शेजारच्या गटाची चार सिलिंडरची पिकअप गुळगुळीत चालते आणि आपली हलते, एवढ्यावरून आपली बिघडली असं होत नाही. पूर्वी कशी होती आणि आता कशी आहे, हे बघायचं.

आधी बघा आणि ऐका

सकाळी गाडी थंड असताना ड्रायव्हरला चालू करायला सांगा आणि मागे, थोडं बाजूला उभं राहून धूर बघा. वही-पेन जवळ ठेवा.

पांढरा धूर आणि डोळ्याला झोंबणारा वास, म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही. चुलीत ओलं लाकूड घातल्यावर जे होतं तेच. थंडीत पहिली दोन-चार मिनिटं असा धूर येऊन थरथर आपोआप थांबत असेल, तर ज्या गाडीला हीटर प्लग आहेत तिचा एखादा प्लग गेलेला असू शकतो. हे स्वस्तातलं काम. पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतोय, आणि रेडिएटरचं पाणी रोज थोडं थोडं कमी होतंय, तर गोष्ट वेगळी आहे. ती पुढे सांगते.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर धुळीनं बुजला असेल किंवा नोझल नीट फवारा मारण्याऐवजी थेंब गाळत असेल. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय; इंजिनाच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील झिजलेत. जुन्या गाडीत थोडा निळा धूर असतोच, पण दर आठवड्याला ऑईल टाकावं लागत असेल तर विचार करावा.

मग आवाज. सायलेन्सरचा फटफट ठेका सारखा आहे का, की मधेच एक ठोका गळतो? ठेका अगदी सारखा आहे, धूर नाही, तरी केबिन हलतेय, तर दोष बहुधा इंजिनात नाहीच. इंजिन ज्या रबरी गाद्यांवर बसवलेलं असतं त्यांना माऊंटिंग म्हणतात. ऑईल लागून, वर्षं उलटून ते रबर फाटतं किंवा बसतं, आणि इंजिनाची साधी थरथर थेट चेसीत जाते. माऊंटिंग बदलायचं काम पंप-नोझलच्या कामापुढे काहीच नाही. तरी ते कुणी आधी बघत नाही, याचं मला नेहमी नवल वाटतं.

सगळ्यात आधी डिझेल

जुन्या डिझेल गाडीत थरथरीचं मूळ शोधायचं तर माझ्या मते पहिली पायरी डिझेल फिल्टर. कारण ते स्वस्त आहे, लगेच दिसतं, आणि तेच दुर्लक्षिलं तर पुढचा महागडा पंप मरतो. पंपाच्या आतल्या भागांना वंगण दुसरं कसलं नसतं, डिझेलचंच असतं. डिझेलमध्ये पाणी आलं की वंगण गेलं आणि गंज आला.

पाणी येतं कुठून? अर्धी रिकामी टाकी थंडीत रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतलं बाष्प पत्र्यावर दवासारखं धरतं. ड्रममध्ये, कॅनमध्ये साठवलेलं डिझेल पावसाळ्यात उघडं राहिलं तर विचारूच नका. टाकीचं झाकण सैल असलं तरी गाडी धुताना पाणी जातं.

बहुतेक डिझेल गाड्यांच्या फिल्टरखाली पाणी काढायची एक चावी किंवा स्क्रू असतो. इंजिन बंद आणि थंड असताना ड्रायव्हरला खाली काचेची पारदर्शक बाटली धरून ती सैल करायला सांगा. बाटली अर्धी झाली की चावी घट्ट बंद. बाटली पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड, ते खाली बसतं. डिझेल वर राहतं. मधे रेघ दिसली की समजलं. निवळ डिझेल येईपर्यंत काढत राहायचं. काढलेलं डिझेल शेतात, गटारात ओतायचं नाही आणि स्टोव्हमध्ये तर अजिबात घालायचं नाही.

आमच्या भागातल्या एका ग्रामसंघाची पिकअप श्रावणात थरथरायला लागली. गॅरेजवाल्यानं पंप आणि चारही नोझल खोलायला सांगितले. कोषाध्यक्ष ताईंनी फक्त एवढं म्हटलं, "आधी फिल्टरखालचं डिझेल बाटलीत काढून दाखवा." बाटलीत दोन बोटं पाणी निघालं. भाजी लवकर निघावी म्हणून घरी ड्रममध्ये डिझेल ठेवलेलं होतं, त्यात पावसाचं पाणी गेलं होतं. टाकी साफ केली, फिल्टर नवा टाकला, गाडी सुधारली. पंप खोलावा लागला नाही.

फिल्टरशी जोडलेली दुसरी खोड म्हणजे "हवा घेणं." डिझेलच्या नळीला बारीक चीर असेल, किंवा फिल्टर बदलताना त्याचा वॉशर नीट बसला नसेल, तर पंप डिझेलबरोबर हवाही ओढतो. लक्षण ठरलेलं आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी उशिरा चालू होते, चालू झाल्यावर काही वेळ आचके देते, मग सुधारते. फिल्टर बदलल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून त्रास सुरू झाला असेल तर त्याच जागी आधी बघायला सांगा. नळीवर डिझेलचा ओलेपणा, त्यावर चिकटलेली धूळ, हीच त्या चिरेची खूण.

एअर फिल्टरबद्दल फार लिहायला नको. कच्च्या रस्त्यावर आणि उसाच्या हंगामात तो कंपनीच्या पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर बुजतो. काढून उजेडासमोर धरा, पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला. फुंकून, आपटून किती दिवस चालवणार?

नोझल

रॉकेलचा स्टोव्ह ज्यांनी वापरलाय त्यांना नोझल समजावून सांगावं लागत नाही. बर्नरच्या बारीक भोकात काजळी अडकली की ज्योत एका बाजूनं पिवळी, भगभग आवाज, आणि मग आपण पिन मारायचो. डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा धुक्यासारखा बारीक फवारा मारतं, ते आपोआप पेटतं. फवाऱ्याऐवजी धार किंवा थेंब पडला तर नीट जळत नाही, काळा-पांढरा धूर येतो, आणि तो सिलिंडर ठोका चुकवतो. पण इथे पिन मारायची नाही. नोझल काढून पंप-नोझलच्या दुकानात मशीनवर तपासावं लागतं.

चारपैकी कुठलं नोझल खराब आहे हे कसं कळतं? इथे आपली गाडी कुठल्या जातीची आहे ते बघावं लागतं. इंजिनाकडे बघा. पंपापासून प्रत्येक सिलिंडरला वेगळी लोखंडी नळी जात असेल आणि नोझलवर विजेची वायर नसेल, तर ती जुन्या पद्धतीची, मेकॅनिकल पंपाची गाडी. सगळ्या नळ्या एका जाड लोखंडी दांड्यापासून निघत असतील आणि प्रत्येक इंजेक्टरवर वायरचा सॉकेट लावलेला असेल, तर ती कॉमन रेलची.

मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नळीचा नट किंचित सैल करतो. चांगल्या सिलिंडरचा नट सैल केला की आवाज आणखी बिघडतो. खराब सिलिंडरचा केला की काहीच फरक पडत नाही, तो आधीच काम करत नव्हता. ही तपासणी आपल्यासमोर करायला सांगा, पण लांब उभं राहून बघा, आणि हात लावू नका.

कॉमन रेलच्या गाडीत हा प्रकार कधीही करायचा नाही, आणि कुणी करायला लागला तर तिथल्या तिथे थांबवा. त्या दांड्यातल्या डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते, यावरून अंदाज करा. सैल नटातून निघालेली केसाएवढी धार कातडीत शिरते. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत मात्र मांस सडायला सुरुवात होते, आणि काही वेळा बोट किंवा हात कापावा लागतो. असं कुणाला लागलंच तर दुखत नाही म्हणून घरी बसवायचं नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं आणि डॉक्टरांना "दाबानं डिझेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगायचं.

कॉमन रेलसाठी दोन तपासण्या आहेत. एक स्कॅनर लावून. दुसरी बाटल्यांची, आणि ती आपल्याला चांगली समजते. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं जास्तीचं डिझेल परत जातं. मिस्त्री त्या परतीच्या नळ्यांना चार सारख्या बाटल्या लावतो आणि इंजिन ठरावीक वेळ चालवतो. तीन बाटल्यांत सारखं डिझेल आणि चौथीत खूपच जास्त, तर चौथा इंजेक्टर आतून गळतोय. एकच खराब असेल तर चारही बदलण्याची घाई कशाला? बाटल्यांचा मोबाईलवर फोटो काढून घ्या, बैठकीत दाखवता येतो. (जुन्या गाडीत एक नवा आणि तीन झिजलेले असं ठेवावं की नाही यावर मिस्त्रींमध्येही दुमत असतं. पण निदान बाकीच्या तीन बाटल्या बघून तरी ठरवा.)

ज्या गाड्यांना ईजीआर व्हॉल्व्ह आहे, त्यात तो काजळीनं अडकून उघडाच राहतो. मग सायलेन्सरचा धूर उभ्या गाडीतही परत इंजिनात येत राहतो, हवा कमी पडते, थरथर आणि काळा धूर. काढून साफ करण्यानं बऱ्याचदा भागतं.

आणि तो आयडलिंगचा स्क्रू. मेकॅनिकल गाडीत स्क्रू फिरवून रेस वाढवली की थरथर झाकली जाते. फेरे खरंच कमी लावलेले असतील तर ते योग्यच आहे. पण दुखणं दुसरीकडे असताना रेस वाढवून गाडी परत दिली, तर ती डिझेल पीत राहते. गॅरेजमधून आल्यावर इंजिनाचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा वाटला तर विचारा, स्क्रू फिरवला का?

थांबायचं कधी

आतापर्यंत स्वस्त काम आधी असं सांगितलं. पण काही खुणा दिसल्या तर काटकसर महागात पडते. तापलेल्या इंजिनातून पांढरा धूर आणि रेडिएटरचं पाणी घटणं. ऑईलची पट्टी काढल्यावर ऑईल ताकासारखं दुधाळ दिसणं. काटा वारंवार लाल रेघेकडे जाणं. याचा अर्थ हेड गॅस्केटमधून पाणी सिलिंडरात किंवा ऑईलमध्ये जातंय. एका गटानं सणाचा माल पोचवायचा म्हणून रोज पाणी ओतत पंधरा दिवस गाडी ओढली. जे काम गॅस्केटवर भागलं असतं ते हेड वाकण्यापर्यंत गेलं, आणि गाडी महिनाभर उभी राहिली. या खुणा दिसल्या की भाड्याची गाडी करा, पण आपली गाडी चालवू नका.

ऑईलचा दिवा लागला किंवा इंजिनातून हातोडीसारखा ठक-ठक आवाज आला तरी तसंच, गाडी जागेवर बंद.

सगळं बघून झालं, डिझेल स्वच्छ, हवा घेत नाही, नोझल ठीक, तरी एक सिलिंडर मार खातोय, तर मिस्त्रीला टॅपेट सेटिंग आणि कॉम्प्रेशन तपासायला सांगा. टॅपेट साधं काम आहे. कॉम्प्रेशनच कमी निघालं तर इंजिन उघडण्याचा विषय येतो. तिथे गटानं शांतपणे बसून गाडीची आजची किंमत, उरलेले हप्ते आणि इंजिनाच्या कामाचा लेखी अंदाज समोर ठेवून ठरवावं. त्या दिवशीच्या त्या दिवशी, गॅरेजच्या फोनवर नाही.

पेट्रोल आणि सीएनजीच्या गाड्या

इथे स्पार्क प्लग असतात आणि शोध तिथूनच सुरू होतो. प्लग काढून ओळीनं मांडायला सांगा. तिघांचं टोक विटकरी आणि एकाचं काळं-ओलं, तर तोच सिलिंडर. मग प्लग, त्याची वायर किंवा कॉइल. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल याला लावून बघितली आणि दोष त्या दुसऱ्या सिलिंडरवर गेला, तर कॉइलच खराब. एक रुपयाही न खर्चता हे कळतं. थ्रॉटल बॉडीतली काजळी आणि फाटलेली व्हॅक्यूमची नळी ही पुढची दोन ठिकाणं.

सीएनजी गाडी दोन्ही इंधनांवर चालवून बघा. पेट्रोलवर गुळगुळीत आणि गॅसवर थरथर, तर गॅसच्या बाजूचं काम, आणि ते फक्त अधिकृत सेंटरमध्ये. सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालीय का, तेही त्या निमित्तानं बघून घ्या.

कुणाच्या घरी जुनी ऑटोमॅटिक गाडी असेल, आपल्याकडे मालवाहू गाडीत ती क्वचितच, तर एक फरक. ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाच्या कन्व्हर्टरनं जोडलेले असतात, त्या गाडीत डी मध्ये ब्रेक दाबून उभं राहिलं तरी इंजिनावर ओझं असतं. एन मध्ये ठीक आणि डी मध्ये थरथर, म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नाही. आधी माऊंटिंग, मग वर सांगितलेलं सगळं.

पुढच्या मासिक बैठकीसाठी

गाडीच्या लॉगबुकात चार रकाने वाढवा: थरथर थंडीत की गरम असताना, धुराचा रंग, शेवटचा डिझेल फिल्टर किती किलोमीटरला बदलला, रेडिएटरचं पाणी घटलं का. ड्रायव्हर दादांना आठवड्यातून एकदा ते भरायला सांगा, आणि एका ताईनं सही करावी. गॅरेजच्या बिलावर "रिपेअरिंग" एवढंच चालणार नाही. कुठला भाग, का बदलला, हे लिहून घ्या, आणि काढलेला जुना भाग पिशवीत घालून परत आणा. आपल्या गाडीच्या फिल्टरखाली पाण्याची चावी कुठे आहे, ती या महिन्यात निदान दोघींनी बघून यावी.